नाताळला पोरांना सरप्राइज बाहुल्या द्यायच्यात? कमी पैशात आणि कुणाचंच तोंड न पाडता कसं जमवायचं

दोन वर्षांपूर्वी नाताळला मी माझ्या भावाच्या दोन्ही पोरींना एकेक सरप्राइज बॉल दिला होता, एकेक थर सोलत जायचं आणि शेवटी आतून बाहुली निघते तसला. चर्चमधून आलो, करंज्या-चकल्यांची ताटं फिरली आणि दोघी बॉल घेऊन बसल्या. थोरलीची बाहुली निळ्या केसांची निघाली, चष्मा लावलेली, ती नाचायलाच लागली. धाकटीनं शेवटचा थर काढला तर तीच बाहुली, तेच निळे केस, तोच चष्मा. पोरगी रडली नाही. तिनं बाहुली परत आत ठेवली, बॉलचे दोन्ही अर्धे नीट जुळवून बंद केले, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, आत्या, हा बदलून आण ना. उघडलेला बॉल कुणी बदलून देत नाही हे तिला कसं सांगायचं मला कळेना.

तेव्हापासून मी या गोष्टीत बरंच डोकं घातलं, आणि गेल्या नाताळला आमच्या मिरजेच्या घरी जमलेल्या आठ पोरांना २४०० रुपयांत, म्हणजे डोक्यामागं ३०० रुपयांत, सरप्राइज बाहुल्या दिल्या आणि एकही पोर हिरमुसलं नाही. ते कसं केलं ते सगळं लिहितेय, कारण नोव्हेंबर संपत आला की दोन-तीन मैत्रिणी तरी विचारतातच.

आधी ही भानगड काय आहे ते समजून घ्या

एल. ओ. एल. सरप्राइज नावाच्या बाहुल्या २०१६ च्या शेवटी अमेरिकेत आल्या, कंपनी एमजीए एंटरटेनमेंट, जिनं २००१ मध्ये ब्रॅट्झ बाहुल्या काढल्या तीच. कंपनीच्या मालकांनी, आयझॅक लॅरियन यांनी, बघितलं की पोरं यूट्यूबवर दुसरं कुणीतरी डबा उघडतंय त्याचे व्हिडिओ तासन्‌तास बघतात. मग त्यांनी खेळणंच असं केलं की उघडणं हाच खेळ. सुरुवातीच्या बॉलला सात थर होते. गुपित संदेशाचं स्टिकर, मग आणखी स्टिकर, दुधाची बाटली, बूट, कपडे, एखादा दागिना-पिशवी असं काहीतरी आणि सगळ्यात शेवटी साधारण तीन इंचांची बाहुली. तिला बाटलीनं पाणी पाजलं की ती रडते, थुंकते किंवा शू करते, काहींचा बर्फाच्या पाण्यात रंग बदलतो. सोबत एक घडीचा कागद असतो त्यावर त्या सिरीजमधल्या, म्हणजे त्या संचातल्या, सगळ्या बाहुल्यांचे फोटो, कुठली कॉमन कुठली दुर्मिळ.

आयडिया तशी जुनीच आहे. इटलीत किंडरचं चॉकलेटचं अंडं १९७४ साली निघालं, आतून खेळणं, आणि आपल्याकडं मिळतं ते किंडर जॉय तर बारामतीच्या फेरेरोच्या कारखान्यात बनतं. आता पॉप मार्ट या चिनी कंपनीचे लबूबू आलेत तेही त्याच जातीचे, फक्त ते मोठ्यांनाही वेड लावतात.

माझ्या लक्षात आलेली गोष्ट एवढीच की पोराला खरी मजा त्या सात थरांत येते, बाहुली कुठल्या कंपनीची हे आठ वर्षांखालच्या पोराला नंतर आठवतही नाही. म्हणून पैसे कुठं घालायचे आणि कुठं वाचवायचे ते ठरवता येतं.

डुप्लिकेटचा हिशोब खरेदीच्या आधी करा

याच्यावर कुणी बोलत नाही आणि सगळी रडारड इथंच होते. समजा एका सिरीजमध्ये १२ बाहुल्या आहेत आणि सगळ्या सारख्याच संख्येनं भरल्यात. घरात चार पोरं आहेत, चौघांना चार बॉल आणले. तर निदान दोघांना एकच बाहुली निघायची शक्यता १०० त ४३, म्हणजे जवळपास नाणं उडवल्यासारखंच. आठ पोरं असतील तर आठही वेगळ्या निघायची शक्यता १०० त ५ सुद्धा नाही. आणि कुणी पोरगी म्हणाली की मला सगळ्या बारा पाहिजेत, तर एकेक सुटा बॉल घेत गेलं तर सरासरी ३७ बॉल लागतात. दुर्मिळ बाहुल्या कमीच भरलेल्या असतात, मग तर आकडा आणखी वर जातो. हे मी भावाला कागदावर करून दाखवलं तेव्हा त्यानं सगळ्या सेटचा विषय घरात पुन्हा काढला नाही.

मग उपाय काय, तर दोन आहेत. सख्ख्या बहिणी-भावांना एकाच सिरीजचे बॉल घेऊ नका, एकीला एक सिरीज दुसरीला दुसरी, म्हणजे एकसारखी बाहुली निघायचा प्रश्नच मिटला. आणि सगळ्यांना एकाच सिरीजचे पाहिजे असतील तर घरी बनवा, त्यात कुणाच्या बॉलमध्ये काय जाणार हे आपल्या हातात असतं. ते खाली सांगते.

पैसे: आधी माणशी आकडा, मग दुकान

आपण उलटं करतो, आधी दुकानात जातो, तिथं एक छान दिसतं ते घेतो, मग बाकीच्यांसाठी पैसे उरत नाहीत. पोरांची नावं कागदावर लिहा, वय लिहा, एकूण पैसे लिहा, भागाकार करा. जो आकडा येईल तो सगळ्यांना सारखा. एकाच घरात एकीला ओरिजिनल कंपनीचा बॉल आणि दुसरीला तसलाच दिसणारा स्वस्तातला असं तर अजिबात करू नका. पोरांना फरक कळतो, खोक्यावरच्या चमकीवरून कळतो.

माणशी हजाराच्या वर जायची तयारी असेल आणि पोरं एक-दोनच असतील तर ओरिजिनल घ्या, छानच असतो तो. तीन-चारशेच्या आत असाल तर ओरिजिनलच्या मागं लागूच नका, त्या किमतीला एल. ओ. एल. म्हणून जे मिळतं ते बहुतेक नकलीच असतं. आणि शंभराच्या आत, चर्चच्या संडे स्कूलच्या वीस-पंचवीस पोरांना वगैरे द्यायचं असेल, तर किंडर जॉयसारखं काहीतरी किंवा घरची छोटी पुडी, त्यातही तीन थर पुरे होतात.

आणखी एक, हे फक्त पोरींचं आहे असं धरून चालू नका. आमच्या आठांत तीन मुलगे होते आणि थर सोलताना सगळ्यात जास्त तेच हसत होते.

दुकानात काय बघायचं

१ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडं १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. नुसता मार्क बघून थांबू नका. मार्कच्या वर आयएस नंबर असतो, साध्या खेळण्याला आयएस ९८७३, बॅटरी-लाइटवाल्याला आयएस १५६४४, आणि खाली सीएम/एल म्हणून लायसन्स नंबर असतो. मोबाइलवर बीआयएसचं, म्हणजे हा मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेचं, बीआयएस केअर ॲप घ्या, त्यात तो नंबर टाकला की कुणाच्या नावावर लायसन्स आहे ते तिथल्या तिथं दिसतं. बाहेरून आलेला माल असेल तर आणणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि कुठल्या देशात बनलं ते खोक्यावर दिलेलं पाहिजेच. नुसतं इंग्रजी-चिनी छापलेलं आणि वर किमतीचं हातानं लिहिलेलं स्टिकर, असं दिसलं की ठेवून द्या.

मी एकदा फसलेय म्हणून सांगते. एका दुकानातून, नाव नको, अर्ध्या किमतीत तीन बॉल घेतले होते. घरी एक उघडला तर नव्या चपलांच्या दुकानात येतो तसला उग्र वास, बाहुलीचा एक डोळा गालावर सरकलेला, आणि बाहुल्यांच्या यादीचा कागद तर नव्हताच. प्लॅस्टिक मऊ पडावं म्हणून थॅलेट नावाची रसायनं घालतात, त्यातल्या काहींनी शरीरातल्या हार्मोन्सवर परिणाम होतो म्हणून लहान मुलांच्या खेळण्यांत त्यांच्यावर मर्यादा घातलेली आहे, आणि नकली मालात ती मर्यादा कोण बघतंय. वास आला, रंग बोटाला लागला, नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडं-तिकडं दिसलं, तर पोराच्या हातात देऊ नका. दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. बिल मात्र घेतलेलं पाहिजे, तेव्हा मी घेतलं नव्हतं.

ऑनलाइन मागवणार असाल तर १० डिसेंबरच्या आत मागवा आणि आल्या आल्या बाहेरचं सील बघून घ्या, सील तुटलेलं असेल तर तेव्हाच परत करता येतं.

वय आणि घशात अडकायची भीती

खोक्यावर तीन वर्षांच्या पुढं असं लिहिलेलं असतं, माझं मत पाचच्या पुढंच द्या. बाहुलीचा एक बूट हरभऱ्याच्या दाण्याएवढा असतो. गेल्या वर्षी आमच्या नणंदेचं दीड वर्षाचं लेकरू सतरंजीवर रांगत होतं आणि कुणाचंतरी लक्ष जायच्या आत त्याच्या गालात गुलाबी काहीतरी दिसलं. बूटच होता, अजून गालातच होता म्हणून निघाला.

खेळणी तपासतात तिथं ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं असतं. त्यात जी वस्तू पूर्ण बसते ती तीन वर्षांखालच्या मुलाला धोक्याची. घरात जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी असेल तर ती जवळपास त्याच मापाची असते, एकेक वस्तू टाकून बघा. बटन सेल, छोटे लोहचुंबक आणि पाण्यात फुगणारे जेलीचे मणी हे तर बॉलमध्ये घालूच नका. बटन सेल गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांत भाजायला लागते, उलटी काढत बसायचं नाही, तसंच उचलून दवाखाना गाठायचा. आणि घशात अडकून पोराला श्वास घेता येईना, खोकताही येईना, तर पुढं वाकवून दोन खवाट्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा, नाही निघालं तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच झटके, असं आलटून पालटून, आणि दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नाहीत, छातीवर एका हाताच्या तळव्याच्या मनगटाकडच्या भागानं दाबायचं. दिसत नसताना घशात बोट घालून शोधू नका, वस्तू आणखी आत जाते.

घरी बनवायचा सात थरांचा बॉल

आता माझ्या आवडीचा भाग. आठ बॉलला मला पाच संध्याकाळ लागल्या, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच बसा.

बाहुल्या मी सांगलीत गणपती पेठेतून होलसेलमध्ये घेतल्या, तीन इंचांच्या, साध्या, एकसारख्या, आयएसआय मार्कवाल्या. एकसारख्या घेतल्या ते मुद्दाम, कारण कपडे आणि केस आपण वेगळे करणार. कापड पेठेत ओळखीच्या टेलरकडं चिंध्यांची पिशवी मागितली तर त्यानं पैसेही घेतले नाहीत, त्यात जरीचे काठ निघाले, सॅटिन निघालं, एक खणाचा तुकडा निघाला. तीन इंचांच्या बाहुलीला ब्लाउज शिवत बसू नका, आयताकृती तुकडा, मधोमध डोकं जाईल एवढी चीर, कमरेला रिबीन, झाला ड्रेस. केसांना लोकर, तीही फेविकॉलनं.

बॉलचं कवच म्हणजे दोन कागदी द्रोण. तोंडाला तोंड लावायचे आणि मधून कागदी टेप. मी प्लॅस्टिकच्या कॅप्सूल शोधत हरभट रोड पालथा घातला होता आणि शेवटी घरात बारशाचे उरलेले द्रोण दिसले. हलके, स्वस्त, तुटले तर लागत नाही.

थर गुंडाळताना एक चूक सगळ्यांची होते, माझीही झाली. आपण आतून बाहेर गुंडाळतो आणि पोर बाहेरून आत उघडतं, म्हणून क्रम उलटा लावायला लागतो. पहिल्या बॉलमध्ये मी सगळ्यात बाहेर ड्रेस ठेवला आणि कोडं आत, सगळंच उलटं झालं. आता चिठ्ठ्यांवर आधी आकडे लिहिते आणि ७ पासून सुरू करते. द्रोणांच्या आत ७, म्हणजे बाहुली, टिश्यूत गुंडाळून. द्रोण बंद केले की त्याच्यावर ६, ड्रेस, आणि वर्तमानपत्राचा थर. मग ५, केसांची क्लिप किंवा मण्यांची माळ, क्रेप पेपर. ४, एक चिक्कीचा तुकडा किंवा चॉकलेट, प्लॅस्टिकच्या पुडीत, नाहीतर मुंग्या लागतात. ३, स्टिकर. २, यादीचा कागद, त्याच्याबद्दल पुढं सांगते. सगळ्यात बाहेर १, कोड्याची चिठ्ठी, आणि वरून चमकीचा कागद.

प्रत्येक थराखाली एक जाड दोरा आडवा ठेवा आणि टोक बाहेर काढा, बिस्किटाच्या पुड्याला लाल पट्टी असते ना तसं, ओढलं की कागद आपोआप फाटतो. टेप लावली तर तिचं टोक दुमडून ठेवा. एवढं नाही केलं तर पोरं दातानं टेप तोडतात आणि मग कात्री मागतात आणि कात्री आली की मजा गेली.

कोडं सोपं ठेवा. मी एकात लिहिलं होतं, माझ्या गावात भोपळ्यापासून सूर निघतात, सांग मी कुठली. मिरजेची पोरं आहेत, सतारीचा भोपळा त्यांनी बघितलेला असतो, लगेच ओरडली.

यादीचा कागद हा ओरिजिनलमध्येही पोरं सगळ्यात जास्त वेळ बघतात, म्हणून तो टाळू नका. एका ए-फोर कागदावर आठ बाहुल्यांची चित्रं काढली, नावं दिली, झेरॉक्स काढल्या. मिरजेची सतारवाली, तासगावची द्राक्षवाली, साताऱ्याची पेढेवाली, पेठेतली हळदवाली, कृष्णाकाठची पोहणारी, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीवाली, पंढरपूरची वारकरीण आणि आमच्या चर्चमधली गाणारी. हळदवालीला हळदीच्या पाण्यात बुडवलेला ड्रेस, धुतलेला आणि वाळवलेला, द्राक्षवालीच्या गळ्यात हिरव्या मण्यांचा घोस. पोरांनी ज्याला जी निघाली तिच्यापुढं पेन्सिलनं टिक केली. दुर्मिळ, सोनेरी, स्पेशल असा भेद मात्र मी ठेवला नाही. दुकानातल्या सिरीजमध्ये तो असतो कारण त्यानं माणूस पुन्हा विकत घेतो, आपल्याला काही विकायचं नाही.

सगळा खर्च माणशी अडीचशेच्या आत बसला, उरलेल्या पैशात प्रत्येकाला एकेक गोष्टीचं पुस्तक आलं.

उघडायचा दिवस

२४ च्या रात्री चर्चमधल्या भक्तीवरून आल्यावर उघडायला देऊ नका, पोरं पेंगुळलेली असतात, छोट्या वस्तू हरवतात. २५ ला दुपारी, जेवणं झाल्यावर. सगळ्यांना सतरंजीवर गोल बसवा आणि प्रत्येकापुढं एक स्टीलचं ताट ठेवा. हे ताटाचं मला आमच्या आईनं सुचवलं आणि त्यानं फार फरक पडला, बूट-मणी सगळं ताटातच पडतं, कुणाचं कुणाकडं जात नाही, आणि पडल्याचा टिण् आवाज आला की सगळी पोरं वाकून बघतात.

एका वेळी एकच थर, सगळ्यांनी मिळून, सुरुवात सगळ्यात लहान पोरापासून. पुढचा थर सगळ्यांचा झाल्याशिवाय नाही. यानं पाच मिनिटांत संपणारी गोष्ट पाऊण तास पुरते. रांगतं लेकरू एका मोठ्या माणसाच्या मांडीवर, आणि त्या माणसानं तेवढंच काम करायचं.

दुकानातले बॉल असतील तर डुप्लिकेटचं आधीच सांगून टाका, उघडायच्या आधी. दोघींना सारखी निघाली तर त्या जुळ्या बहिणी, किंवा ज्याला बदलायची त्यानं संध्याकाळच्या चहापर्यंत बदलायची, दोघांचं हो असेल तरच, चहानंतर बदलाबदली बंद. नियम आधी कळला की पोरं मानतात.

नंतर

पाण्याची बाहुली असेल तर खेळून झाल्यावर उलटी धरून दाबून सगळं पाणी काढा आणि रात्रभर उघड्यावर ठेवा, आत पाणी राहिलं तर काळी बुरशी धरते. छोट्या वस्तूंना नावाची झिपवाली पिशवी. प्लॅस्टिकच्या बॉलचे अर्धे टाकू नका, तळाला भोक पाडून माती भरून मेथी पेरा, आमच्या खिडकीत अजून दोन आहेत. चमकीचा कागद पोरांनी पुढच्या वर्षीच्या गव्हाणीसाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, जपून ठेवलाय.

यंदा नऊ पोरं आहेत, नणंदेचं लेकरू अजून लहानच आहे म्हणून त्याला मऊ कापडाची बाहुली, एकाच थरात, मणी-बटन काही न लावता, डोळे दोऱ्यानं भरलेले. बाकी आठांची यादी धाकटी काढतेय, निळ्या केसांचीवाली. नवीन नावं विचारली तर वही पाठीमागं लपवते.